माझी खटखट कोणाची?

चोरी करणाऱ्याचा राग येतोच, मित्रांनो. पण आपली वस्तू उचलून वर आपल्यालाच चोर म्हणणाऱ्याचे काय करावे, तुम्हीच सांगा. एका गाणेवाल्याने आणि त्याच्या कंपनीने माझ्या बाबतीत नेमके तसेच केले.

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. काळी, भक्कम, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. ती जरा पुसट झाली आहे, पण अजूनही उठून दिसते. उगाच नाही कशाला म्हणू? मालकीणबाईंच्या सासूने माझ्यावर अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले. नंतर मालकीणबाई बसू लागल्या. माझ्या पट्ट्याचा सांधा चाकावरून गेला की 'टक्' असा आवाज होतो. खटखट, खटखट, टक्. "पट्टा बदला," असे किती जणांनी सुचवले! बाई म्हणायच्या, "तिची चाल आहे ती. तुम्हाला काय त्रास?"

मग विजेवरची मशीन आली आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर घडी न केलेले कपडे साठू लागले. एकदा तर कोणीतरी ओली छत्री टेकवली. तोही अपमान मी गिळला.

माझे दिवस पालटले ते सूनबाईमुळे. शिवणाचे धडे मोबाइलवर टिपून इंटरनेटवर टाकायचे तिने ठरवले. "जुनीच मशीन घेऊ, आई. पाय कसा चालतो ते नीट दिसतं." बाई शिकवत, सूनबाई शिकत आणि बोलणी खात. ते पाहून कितीतरी जणी घरबसल्या शिवायला शिकल्या. बाईंची मान ताठ झाली. माझी तर आधीच ताठ होती.

आणि एका सकाळी धडा गायब! त्या जागी नोटीस होती, की यात एका गाण्यातला आवाज चोरलेला आहे. सूनबाईने ते गाणे लावले. ढोलामागे काय वाजत होते? खटखट, खटखट, टक्! गाणेवाल्याने आमच्याच धड्यातून आवाज उचलून गाण्यात घातला होता. गाणे विकणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरने दोन्ही आवाज जुळवले आणि आम्हालाच चोर ठरवले. अशी आणखी एक तक्रार झाली असती, तर सगळे धडे कायमचे पुसले गेले असते.

पूर्वी सगळे इथेच संपले असते. कॉम्प्युटरशी कोण भांडणार? पण नुकताच नवा कायदा आला होता. सूनबाईने तो मोठ्याने वाचला. माझा अक्षरांशी फारसा संबंध नाही, तरी मला तो समजला. तक्रार करणाऱ्याने आपली मालकी सिद्ध करायची. दोन्ही बाजू ऐकून निवाडा माणसाने द्यायचा. आणि तक्रार खोटी निघाली, तर चारचौघांत चूक कबूल करायची.

सुनावणीला मला टेम्पोत घालून नेले. कंपनीचे वकील म्हणाले, "हा आवाज आमच्या स्टुडिओत तयार झालाय. शिलाई मशीन काय, सगळ्या सारख्याच वाजतात."

सगळ्या सारख्या! माझी सुई रागाने थरथरली.

निवाडा देणाऱ्या अधिकारी बाईंनी गाण्यातला ढोल बंद करून बाकीचे ऐकवायला लावले. खटखट, खटखट, टक्... आणि त्याच्या मागून मालकीणबाईंचा खणखणीत आवाज आला, "अगं, पाय आहे की पहार? हळू चालव!"

सूनबाईने पदरात तोंड लपवले. अख्खे दालन हसू लागले. अधिकारी बाईंनी वकिलांना विचारले, "या बाई तुमच्या स्टुडिओत कधी आल्या होत्या?" वकिलांनी फाइल मिटली.

आम्ही जिंकलो! धडे परत आले, कंपनीने जाहीर माफी मागितली आणि मला पाहायला घरापुढे रांग लागली. मित्रांनो, दुसऱ्याच्या कष्टाची वस्तू हवेतून आली तरी ती फुकटची नसते, एवढे मनात जपा.

परवा गाणेवाला स्वतः आला. खाली मान घालून म्हणाला, "मावशी, चुकलो. तुमचा आवाज काढून टाकतो."

बाईंनी त्याला आधी बसायला स्टूल दिले. मग म्हणाल्या, "काढू नकोस. गाणं चांगलं झालंय, खोटं कशाला बोलू? पण त्यावर या माझ्या मशीनचं नाव लाव, आणि हिच्या खाली माझं. अरे, विचारलं असतंस तर तेल घालून हवं तेवढं वाजवून दिलं असतं. चोरलंस, म्हणून आज तुला हे ऐकावं लागतंय."