डावी बाजू

चौकात जिवंत माणसाचा पुतळा उभा राहायला लागला की समजावं, कुणालातरी निवडणूक लढवायची आहे. आमच्या नगराध्यक्षांना लढवायची होती. पुतळा होता पदकवाले काकांचा. तरुणपणी पायदळात असताना त्यांनी मशीनगन घेऊन एक टेकडी दिवसभर धरून ठेवली होती, त्याचं ते पदक. चबुतरा बांधला तो टिल्ल्याच्या पंक्चरच्या टपरीला खेटून, आणि मग शोभेसाठी टपरीच उठवायची ठरली.

आता हा टिल्ल्या कोण? मशीनगन एकट्यानं चालत नाही. एक जण चालवतो, दुसरा त्याच्या डाव्या अंगाला पालथा पडून गोळ्यांचा पट्टा भरवतो. तो दुसरा म्हणजे टिल्ल्या. त्या टेकडीवर काकांना पदक मिळालं आणि टिल्ल्याला लाकडी पाय. पदक एकच होतं, पायही एकच गेला. सरकारचा हिशेब चोख असतो.

तेव्हापासून दोघांचं एक खूळ. बाकावर बसोत की चहा पिवोत, टिल्ल्या काकांच्या डावीकडेच. उजवीकडे बसला तर काकांना चहा गोड लागत नाही. काकू म्हणतात, लग्नाच्या फोटोतसुद्धा माझी जागा या मेल्यानंच बळकावली आहे.

काका नगराध्यक्षांकडे गेले. पुतळा नको, टपरी राहू द्या, असं सरळ सांगितलं. नगराध्यक्षांनी खुर्ची दिली, चहा पाजला, पुतळ्याचं चित्र दाखवलं. चित्रातले काका छाती काढून ताठ उभे, एका हातात मशीनगन, मिशा कानापर्यंत. काकांनी जन्मात मिशी ठेवली नव्हती.

"असा उभा राहिलो असतो, तर पुतळा तेव्हाच बसवावा लागला असता," काका म्हणाले.

नगराध्यक्ष पोट धरून हसले. टपरीचं मात्र साफ नाकारलं. वीराच्या पायाशी फाटक्या टायरांचा ढीग शोभत नाही म्हणे.

टिल्ल्या म्हणाला जाऊ दे, मी बाजारामागे बसेन. बाजारामागे सायकल जाते कुठे? उपाशी मरायला जागा ऐसपैस होती, एवढंच.

अनावरणाच्या दिवशी मंडप, बँड, मंत्री, सगळं हजर. टपरी उचलायला ट्रकही हजर. काका तेवढे गायब. शोधलं तर टपरीत. छातीवर पदक, बाह्या वर, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे बघत बसलेले. डावीकडे टिल्ल्या रबराचं ठिगळ कापतोय. कॅमेरेवाले मंडप सोडून तिकडे धावले. ट्रकवाल्यांनी टपरीला हात लावला नाही. पदकासकट माणूस उचलायचा म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं.

नगराध्यक्ष घाम पुसत आले. मंत्रीसाहेब खोळंबलेत, चला म्हणाले.

"येतो की," काका ट्यूबवरची नजर न उचलता बोलले. "पण माझी डावी बाजू इथून हलणार नाही. ती जिथं, तिथं मी."

"लेका, मला कशाला मध्ये ओढतोस," टिल्ल्या पुटपुटला. कापलेलं ठिगळ मात्र त्यानं बरोबर काकांच्या हातात ठेवलं.

कॅमेरे चालूच होते. नगराध्यक्षांनी बत्तिशी दाखवली आणि जाहीर केलं, टपरी उठवायचा प्रश्नच नव्हता, ती विरोधकांची अफवा. इतकं खोटं इतक्या लोकांसमोर बोलायलाही काळीज लागतं. त्यांनाही एक पदक द्यायला हरकत नव्हती.

पुतळा तसाच आहे, ताठ आणि मिशाळ. त्याच्या डाव्या पायाशी टपरी. रोज सकाळी टिल्ल्या काठीनं मशीनगनच्या नळीवर ट्यूबा वाळत घालतो. काका बाकावरून बघतात आणि म्हणतात, मिशा जरा आणखी लांब हव्या होत्या, पंपही टांगता आला असता.