दोन फोन, एक बाटली

दगूबाईंनी सिरपचा चमचा नातीच्या ओठांशी नेला, तेवढ्यात चेतनाने सासूचा हात धरला. अर्धं औषध बाहीवर सांडलं.

"अवं, काय करी ऱ्हायनी? पोर खोकी खोकी बेजार शे!"

"आई, हे काजलला नाही द्यायचं. माझ्या फोनवर आलंय, दोन वर्षांखालच्या बाळाला देऊ नका."

काजलला तर अजून धड उभंही राहता येत नव्हतं. दगूबाईंनी आपला फोन पुढे केला. बाटलीवरचा कोड त्यांनीही स्कॅन केला होता. वेबपत्ता तोच, पण चेतनाचं पान इंग्रजीत, हे मराठीत, आणि त्यात चक्क 'तान्ह्या बाळांना अर्धा चमचा द्या'.

"मन्हा फोन काय खोटं बोलस?"

चेतनाने कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडचा मुलगा भलताच नम्र. "मॅडम, फोन कुठली भाषा मागतो ते बघून सर्व्हर पान पाठवतो. इंग्रजी पान नवीन सूचनेप्रमाणे बदललंय, मराठी राहिलंय. सासूबाईंचा फोन इंग्रजीत करून टाका ना."

चेतनाच्या डोक्यात सणक गेली. सासूला वाचायला कोणाचं तोंड बघायला नको म्हणून दिवाळीत तिनेच तो फोन मराठीत करून दिला होता.

"म्हणजे मराठी वाचणाऱ्यांच्या लेकरांनी काहीही प्यावं? भाषा बरी ओळखता! नवीन तयार नव्हतं तर जुनं काढायचं होतं!"

"रिकामं पान बरं दिसत नाही, मॅडम."

दगूबाईंनी फोन ओढून घेतला. "भाऊ, हाई औषध तू तुन्हा तान्हा पोरले देशी का?"

पलीकडून अगदी घरच्या बोलीत उत्तर आलं, "नही देसू, मावशी."

"मंग आठे 'द्या' कसाले लिखेल शे?"

"काढाले सांगस, मावशी."

पण काजलला दाखवून दोघी दवाखान्याबाहेर पडल्या, तरी पान तेच होतं. मोतीलालच्या मेडिकलवर चेतनाने दोन्ही फोन काउंटरवर शेजारी ठेवले. त्याने दोन्ही वाचले आणि कपाटातल्या बाटल्या गुपचूप खाली काढल्या.

"आणि वर डोंगरात तोरणमाळला गेल्या त्या बाटल्या?" चेतनाने विचारलं.

तो तिकडे माल नेणाऱ्या जीपवाल्याला फोन लावू लागला.

"आई, तुमचा इंग्रजीत करू?"

"काबरं? मन्हा फोननं काय बिघाडं?" दगूबाईंनी फोन कमरेला खोचला. "त्यासले सुधरू दे."