सांडूमामांच्या विहिरीतला बिनडोळ्यांचा जीव

शरयूला एक जीव हवा होता. फक्त एक, तिळाएवढा!

जालन्याच्या कॉलेजात शिकवता शिकवता सात वर्षं या बाईनं एकाच प्रश्नाशी डोकं फोडलं होतं. जमिनीखालच्या पाण्यातले हे बिनडोळ्यांचे जीव कोळंबी-खेकड्यांचे नेमके कोण लागतात? गेल्या साली पिंपळगाव रेणुकाईच्या पुढच्या वस्तीवर, सांडूमामांच्या विहिरीत तिला एक सापडला. त्याचा डीएनए वंशवृक्षाच्या ओळखीच्या एकाही फांदीवर बसेना. म्हणजे ही फांदीच निराळी, अगदी जुनी! पण गाईड म्हणाले, "एका नमुन्यावर कोण विश्वास ठेवणार? दुसरा आणा, नाहीतर प्रबंधातून काढून टाका."

मग आसपासच्या गावांतल्या चाळीस विहिरी धुंडाळल्या. हाती भोपळा. प्रबंधाला दोन महिने उरले, तशी ती पुन्हा मामांच्या वस्तीवर आली.

विहिरीभोवती सगळी वस्ती जमलेली. शरयूनं जाळी सोडली. एकदा, पाचदा, वीसदा. जाळीत साधी अळीसुद्धा नाही. आणि पाण्याला हा उग्र वास!

"मामा, पाण्यात काय टाकलंत?"

"किडे मारायची ब्लिचिंग पावडर टाकली न म्याडम! गेल्या साली तुमी 'सापडला, सापडला' करून उड्या मारल्या. मंग गावोगाव बोभाटा झाला की, सांडूच्या विहिरीत किडे हायेत. रेणूला पाहायला आलेले पाहुणे पाणी न पिताच उठून गेल्ते."

मामांची लेक रेणू दारात मान खाली घालून उभी होती. शरयूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उडी तिनंच मारली होती ना!

"बाकीच्या विहिरी? एखादी तरी राहिली असेल ना हो?" तिचा आवाज रडवेला झाला.

"न्हाई, न्हाई, बिलकुल काळजी करू नका. साऱ्याच विहिरींत टाकली, दर आठ दिवसाला. बराबर मोजून."

संपलं. सात वर्षांवर बोळा फिरला. कुठं डोकं आपटावं तेच शरयूला सुचेना. तेवढ्यात गोपिकामामी भरलेला तांब्या घेऊन पुढं आल्या.

"ताई, किडा हाये म्हणून तुमीच सांगितलं न? मंग आता न्हाई म्हणून तुमीच पिऊन दावा. तुमी पेल्या म्हंजे पाहुणे परत येतील."

सगळी वस्ती तिच्या तोंडाकडं बघत होती. शरयूनं तांब्या घेतला, डोळे मिटले आणि ते पाणी घटाघटा पिऊन टाकलं.