सपाट पाऊल

"हलू नकोस," मी म्हणालो.

"मी नाही हलत बाबा. तुमची पेन्सिल गुदगुल्या करतेय."

अडतीस वर्षांची माझी लेक कागदावर अनवाणी उभी होती आणि मी गुडघे टेकून तिच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवत होतो. गुडघे कुरकुरत होते, पण ते हल्ली कशालाही कुरकुरतात. तिच्या पावलाची अशी रेघ मी पहिल्यांदा काढली तेव्हा ती चार वर्षांची होती. मग बारा वर्षांची होईपर्यंत दर सहा महिन्यांनी काढली. त्यानंतर आज.

मी हॉस्पिटलच्या बूट विभागात काम करतो. विभाग म्हणजे धुलाईघराच्या मागे, लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला एक खोली. एक पाय आखूड असणाऱ्याला उंच तळाचा बूट, साखरेच्या आजारात बोटं गेलेल्याला मऊ बूट, आणि सपाट पायांच्या मुलांना आतून कमान बसवलेला कडक बूट. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, मी बूट करतो. सगळे मला मास्तर म्हणतात. शिकवलं कुणालाच नाही, पण नाव पडलं ते पडलं.

"आता सांग, काय पाहिजे नक्की?"

"धावायचे सँडल. तळ सहा मिलिमीटरचा. टाच नको, गादी नको, कमान नको. अंगठ्याशेजारी एक भोक, घोट्याशी दोन, आणि त्यातून ओवलेला एक पट्टा."

"म्हणजे रबराचा तुकडा पायाला बांधायचा."

"हो."

"मग त्याला मास्तर कशाला लागतो?"

"बाजारातल्या सँडलचं भोक जागेवर नसतं, पट्टा बोटात घासतो. रविवारी एकवीस किलोमीटर धावायचंय, पहिल्यांदाच. तुमच्या हाताला माझा पाय ठाऊक आहे."

मी विरघळलो.

हे खूळ वर्षभरापूर्वीचं. तिच्या रक्तात साखर दिसली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि चालता चालता ती एका टोळीत सापडली. आदिमानव जसा जगायचा तसं जगायचं, हा त्या टोळीचा धर्म. उजाडलं की उठायचं, मावळलं की झोपायचं. पाकिटातलं काही खायचं नाही. खुर्चीवर बसायचं नाही, उकिडवं बसायचं. आणि पायाला जमीन कळली पाहिजे म्हणून असले कागदासारखे सँडल घालून धावायचं. तिने घरातला सोफा देऊन टाकला. तेव्हापासून जावई भिंतीला टेकून जमिनीवर बसतात आणि आम्ही गेलो की आमच्याकडे आशेने बघतात.

टोळीच्या म्होरक्याला मी मनातल्या मनात गुहेकर म्हणतो. एकदा तो तिच्याबरोबर इथे आला होता. काटक, हसरा माणूस. म्हणाला, "काका, आपले पूर्वज असेच मैलोन् मैल धावायचे."

"त्यांच्या मागे वाघ असायचा," मी म्हणालो.

तो मनापासून हसला. अडचण हीच आहे. माणूस चांगला आहे. लेकीची साखरही उतरली. म्हणजे बोलायची सोय राहिली नाही.

पट्ट्याचं भोक अचूक यावं म्हणून मी शाईचा ठसाही घेतला. पाऊल शाईच्या पत्र्यावर, मग कोऱ्या कागदावर, सगळा भार देऊन. भार कुठे पडतो ते त्यात दिसतं. ती कोपऱ्यातल्या नळावर पाय धुवायला गेली आणि मी कागद उजेडात धरला.

ठसा पूर्ण काळा होता. टाचेपासून बोटांपर्यंत अखंड. आतल्या बाजूला जिथे कागद कोरा राहायला हवा, तिथे इस्त्री टेकवल्यासारखा काळा डाग.

मला वाटलं शाई जास्त झाली. मी दुसऱ्या पायाचा ठसा पाहिला. तोही तसाच.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. गुरुवारी ये."

आता हे सांगितलंच पाहिजे. माझ्या लेकीचे पाय जन्मतः सपाट होते. तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले, कमानीचे बूट घाला, नाहीतर पुढे गुडघे जातील, कंबर जाईल. मी ते बूट स्वतःच्या हाताने केले. आठ वर्षं. जाड चामडं, कडक टाच, आत लाकडासारखी कमान. झोपताना तेवढे काढायचे. घरात अनवाणी पाऊल टाकायचं नाही, अशी माझी सक्त ताकीद होती. बारा वर्षांची झाल्यावर डॉक्टरांनी तिला टेबलावर बसवलं, लोंबणारे, भार नसलेले पाय पाहिले आणि म्हणाले, छान कमान आली. त्या दिवशी मी हॉस्पिटलभर पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. नवीन ठसा घ्यायचं मात्र मला सुचलं नाही. डॉक्टर म्हणाले, म्हणजे आली.

तेव्हापासून माझ्या लेकीचे पाय हेच माझं प्रमाणपत्र होतं. बुटाला कंटाळलेलं मूल आणि काळजीने अर्धे झालेले आईबाप आले की मी सांगायचो, "माझ्या मुलीचेही असेच होते. आता बघा." ती शाळा सुटल्यावर इथेच यायची. मी तिला स्टुलावर उभी करून पाय दाखवायचो. लोकांना धीर यायचा. किती जणांना दाखवले असतील याचा हिशेब नाही.

ती गेल्यावर मी जुन्या फायली उपसल्या आणि तिचा चौथ्या वर्षीचा ठसा शोधून काढला. नव्याच्या शेजारी ठेवला. लहान आणि मोठा, एवढाच फरक.

घरी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अहो, चालते ना ती नीट? धावते ना? मग झालं तर."

"तेच तर कळत नाही. बरे झाले नाहीत, तर धावते कशी? आणि असंच धावता येत होतं, तर मी आठ वर्षं केलं काय?"

तिने एक घडी घातली, दुसरी घातली. मग म्हणाली, "खेळाच्या तासाला तिला भिंतीपाशी बसवायचे. दप्तरं सांभाळायला."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"मी कुठे काय म्हटलं?"

तिचं हे नेहमीचं. काही म्हणायचं नाही, पण माणसाला जेवण जाऊ द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सँडल करायला घेतले. मी रबराची शीट रेघेवरून रापीने कापली, कडा घासल्या, भोकं पाडली, वर पातळ चामडं चिकटवलं. दोन तासांचं काम. डोकं मात्र ठिकाणावर नव्हतं. आखूड पायाला उंची दिलेली माणसं चालत घरी गेलेली मी पाहिली आहेत, त्यात खोट नाही. पण सपाट पायांची मुलं? ती बरी झाली म्हणून यायची थांबली, की कंटाळून थांबली? मी कधी विचारलंच नव्हतं. एकदा वाटायचं, बुटांमुळेच तिचे गुडघे वाचले, नाहीतर आज धावू शकली नसती. लगेच वाटायचं, मग ही कमान गेली कुठे. चोराला पकडायला जावं आणि आपल्याच घराचं कुलूप तुटलेलं दिसावं, तसं झालं होतं.

गुरुवारी ती आली. बाहेरच्या बाकावर एक बाई लहान मुलीला घेऊन नंबर लावून बसल्या होत्या. लेकीने सँडल बांधले आणि मागच्या पटांगणाला दोन फेऱ्या मारून आली. आत येऊन उकिडवी बसली, एक सँडल सोडला आणि त्यावरून बोट फिरवायला लागली.

"बाबा, इथे काहीतरी आहे."

"कुठे?"

"इथे, आतल्या बाजूला. चामड्याखाली. दोन्हीत."

मी सँडल हातात घेतला. अंगठा फिरवला. होतं. आतल्या कडेला, बरोबर कमानीच्या जागी, तीन मिलिमीटरची चढण. रबराची पाचर कापून, दोन्ही कडांना शून्यावर आणून, सुबक बसवलेली. माझंच काम, दुसऱ्या कुणाला असं जमणार नाही. पण कधी बसवली ते मला आठवेना. मुद्दाम बसवली की हात आपोआप गेला, तेही सांगता येईना. आजही सांगता येत नाही.

"तू कमान नको म्हणाली होतीस," मी म्हणालो.

"हो."

"ठसा पाहिला मी तुझा." आता लपवण्यात अर्थ नव्हता. "सपाट आहे. चौथ्या वर्षी होता तसाच. काही फरक पडलेला नाही."

तिला धक्का बसेल असं मला वाटलं होतं. ती दुसऱ्या सँडलच्या पट्ट्याची गाठ सोडत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"बूट सुटले त्याच वर्षी. आंघोळ करून बाहेर आले की फरशीवर ओला पाय उमटायचा ना. पूर्ण."

"मग मी सगळ्यांना दाखवायचो तेव्हा? त्या लोकांना कमान दिसायची. मलाही दिसायची."

ती थोडी हसली. उठून उभी राहिली, अनवाणी. म्हणाली, "बघा." आणि दोन्ही पायांचे अंगठे जमिनीवरून किंचित उचलले. बाकीचं पाऊल तसंच टेकलेलं. आतल्या बाजूला पाऊल वर उचललं गेलं आणि छान, घडवल्यासारखी कमान उभी राहिली. मग अंगठे खाली ठेवले. कमान गेली.

"स्टुलावर अशी उभी राहायचे," ती म्हणाली. "कोणी नीट बघायचं नाही. पोटऱ्या दुखायच्या फक्त."

"पण का?"

"तुमचा चेहरा बघायचात का तुम्ही तेव्हा?"

मी माझा चेहरा कसा बघणार. मी खाली बघत होतो, तिच्या पायांकडे. मला भयंकर लाज वाटली. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि अडतीस वर्षांच्या बाईला आता कशाबद्दल जवळ घ्यायचं तेही कळेना. बारा-तेरा वर्षांची पोर माझं नाव राखायला अंगठे उचलून उभी राहत होती, आणि मी आईबापांना सांगत होतो, दोन वर्षं धीर धरा.

"तेव्हा धावायचं होतं का तुला?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. एवढंच. रागही नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी चामडं उचकटलं, पाचरी काढल्या, ग्राइंडरवर जागा साफ करून चामडं पुन्हा बसवलं. ती शेजारी उभी राहून बघत होती. वाळायला ठेवल्यावर म्हणाली, "तुम्ही याल ना रविवारी?"

"येतो की. पण गुडघ्यात दुखलं तर थांबायचं, हट्ट करायचा नाही."

"बरं."

"आणि त्या तुमच्या म्होरक्याला सांग, मास्तरांनी केलेत."

"तो तर तुमचा भक्तच आहे," ती म्हणाली. वाळलेले सँडल बांधून ती व्हरांड्यातून निघाली. नर्सबाईंनी वळून पाहिलं. पायऱ्या उतरल्यावर ती धावायला लागली आणि धुलाईघराआड दिसेनाशी झाली. पावलांचा आवाज जवळजवळ नव्हताच.

"मास्तर, आमचा नंबर?" बाकावरच्या बाईंनी विचारलं.

त्या आत आल्या. मुलगी पाच वर्षांची असेल. चिठ्ठीवर नेहमीचंच होतं, दोन्ही पाय सपाट, कमानीचे बूट. मी कागद पसरला, पेन्सिल घेतली, मुलीचे बूट-मोजे काढायला सांगितलं. ती कागदावर उभी राहिली. पाऊल सपाट, मऊ, नुकतं धुतल्यासारखं स्वच्छ.

"होईल ना हो बरं?" बाईंनी विचारलं. सगळे हेच विचारतात. उत्तर माझ्या तोंडात तयार असतं. आज ते येईना.

"पाय दुखतात का हिचे?"

"दुखत नाहीत. पण डॉक्टर म्हणाले पुढे त्रास होईल."

"डॉक्टरांना मी उद्या भेटून येतो," मी म्हणालो. भेटून काय विचारायचं ते ठरलं नव्हतं. डॉक्टरांना विचारणारा मी कोण, हेही होतंच. "तोवर घाई नको. ही धावते कशी?"

"धावते म्हणजे?" बाई गोंधळल्या. "घरात धावू देत नाही आम्ही. पडेल म्हणून."

एवढ्या वर्षांत या खोलीत मी मुलांना उभं केलं होतं, बसवलं होतं, चालवलं होतं. धाव असं कुणालाही म्हणालो नव्हतो.

मी उठून दार पूर्ण उघडलं. व्हरांडा लांब होता, दुपारची वेळ, कुणी नव्हतं.

"बाळ, त्या टोकापर्यंत धावून ये बघू."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे. मी मान हलवली.

"अशीच? बूट न घालता?" मुलीने विचारलं.

"अशीच."

ती निघाली. आधी जपून, चार पावलं, मग एकदम सुटली. टोकाला जाऊन भिंतीला हात लावला, परत आली, आणि आम्ही काही म्हणायच्या आत वळून पुन्हा धावत गेली. "अगं पुरे, मास्तर खोळंबलेत," बाई म्हणाल्या.

"खोळंबलो नाही," मी म्हणालो. "धावू दे तिला."