पाणी आल्याची हाक

“काकूंना आठवणीनं सांगा हं काका. उद्या चार वाजता चैत्रातलं हळदीकुंकू आहे आमच्याकडं.”

दारात खालच्या मजल्यावरच्या दगडाबाईंची नवी सून उभी होती, अपेक्षा. लग्न होऊन जेमतेम दोन महिने झालेले, हातात हळदीकुंकवाचा करंडा. हेमचंद्ररावांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि समोर टेबलावर कुणाचा तरी राउटर पोट उघडून पडला होता.

“कोणाला?” त्यांनी विचारलं.

“काकूंना. घरात नाहीत का? सासूबाई जालन्याला गेल्यात, म्हणून बोलवायची यादी मीच केली. पाणी येतं तवा काकूंचा आवाज ऐकते ना मी. लई गोड हाक मारतात. मी खालून ‘हो काकू’ म्हणते, पण वर ऐकू येत नसंल.”

आवक-जावक विभागात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाने, ज्याने कधी एका पत्रावर चुकीच्या तारखेचा शिक्का मारला नाही त्याने, त्या पोरीला चक्क सांगितलं, “सांगतो.”

आणि नेमकी त्याच वेळी गच्चीवरून हाक आली. “पाणी आलं गं! पाणी आलं!”

अपेक्षाने हसून वर पाहिलं. मग तिची नजर खाली येता येता काँप्युटरच्या वरच्या भिंतीवर थांबली. तिथे हेमचंद्ररावांच्या बायकोचा, यमुनाबाईंचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. ती फोटोकडे बघत राहिली, मग पुन्हा छताकडे.

“काका, ह्या...?”

हेमचंद्ररावांनी मान हलवली. ती करंडा छातीशी धरून मागे सरली आणि चपला न घालताच जिना उतरून गेली.

खाली गल्लीत एव्हाना बादल्या, हंडे, नळ्या घेऊन माणसं बाहेर पडली होती. नळातून नुसती हवा सूं सूं करत होती. “च्यायला, काका, परत खोटं!” कुणीतरी ओरडलं. त्या आठवड्यातली ती तिसरी वेळ होती.

पुंडलिकनगरच्या या गल्लीत पाणी आठ दिवसांनी यायचं, आणि कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसायचं. पूर्वी यमुनाबाईंना त्याची चाहूल सगळ्यांच्या आधी लागायची. त्या बाल्कनीत येऊन दोनदा हाक मारायच्या आणि गल्ली हलायची. हेमचंद्ररावांना यंत्रांचा नाद. निवृत्तीनंतर तर त्यांना रानच मोकळं मिळालं. कुणाचा प्रिंटर, कुणाचा टीव्ही, कुणाचं वायफाय. चहाच्या कपावर दुरुस्ती. केलेली प्रत्येक दुरुस्ती ते आपल्या वेबसाइटवर लिहून ठेवायचे. ती रोज चार जण वाचायचे, त्यात एक ते स्वतः. दोन वर्षांपूर्वी त्यांनी नळाच्या पाइपात एक छोटी चकरी बसवली. पाणी आलं की ती फिरायची आणि गच्चीवरचा स्पीकर बोलायचा. भोंगा लावायचा त्यांचा विचार होता, पण गल्लीतल्या बायका म्हणाल्या, भोंगा नको, आवाज वैनींचाच पाहिजे. म्हणून यमुनाबाईंचा आवाज त्यांनी एका मेमरी कार्डावर भरला.

पाच महिन्यांनी यमुनाबाई गेल्या. भाजी चिरता चिरता बसल्या जागी. डॉक्टर म्हणाले, हृदय. आधी काही त्रास होत असणार. भेटायला आलेल्या प्रत्येकाला हेमचंद्रराव एकच वाक्य सांगत राहिले, “एका शब्दानं बोलली नाही हो.” त्यात दुःख होतं तितकाच राग होता. फक्त दगडाबाई तेव्हा चमकल्या होत्या. म्हणाल्या होत्या, “असं कसं भाऊजी? मला तर म्हणल्या, ह्यांच्या कानावर घातलंय.” हेमचंद्ररावांनी ते मनावर घेतलं नाही. बायका एकमेकींना काहीबाही सांगतात, झालं.

हाक मात्र चालू राहिली. आठ दिवसांनी एकदा गच्चीवरून बायको बोलायची आणि हेमचंद्रराव हातातलं काम तसंच ठेवून ऐकायचे. पाणी भरायला ते खाली जायचेच नाहीत, शेवटची बादली मिळेल ती मिळेल. पाण्याची वाट सगळी गल्ली बघायची. हे एकटेच हाकेची वाट बघायचे.

संध्याकाळी जालन्याहून परतलेल्या दगडाबाई वर आल्या. आधी त्यांनी सुनेच्या चपला उचलल्या, मग बसल्या.

“पोरगी तापानं फणफणलीय, भाऊजी.”

“माझंच चुकलं. आधीच सांगायला पाहिजे होतं.”

“चूक कुणाचीच नाय. तिला कुणी सांगितलंच नाय. आमाला त्याची सवय झाली ना.” त्यांनी फोटोकडे बघितलं. “पण आता काढा ते. माणूस गेलं की त्याला जाऊ द्यावं. तुमी तर वैनीला मेल्यावर बी कामाला लावलंय. पाणी नसताना बी वरडाया लागल्यात त्या. बरं दिसतं व्हय ते?”

हेमचंद्ररावांना ते लागलं. पण खरं बोलणाऱ्यावर रागवायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गच्चीवरची पेटी काढून आणली. बिघाड साधा होता. उन्हाळ्यात पाइप कोरडे पडतात, आतली हवा धावते आणि तिच्या जोरावर चकरी फिरते. सलग दहा सेकंद फिरली तरच पाणी आलं असं धरायचं, एवढं पेटीला शिकवलं की काम भागणार होतं. ते त्यांनी चहा निवायच्या आत केलं. मग आवाजाचं कार्ड काँप्युटरला लावलं, आणि काँप्युटरने विचारलं, कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का?

दोन उन्हाळे पत्र्याखाली भाजून कार्ड मेलं होतं. काल अपेक्षाने ऐकलेली हाक शेवटची ठरली होती.

त्यांच्या वेबसाइटवरचा सगळ्यांत जास्त वाचला गेलेला लेख होता ‘तीन प्रती’. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवा, एक घराबाहेर ठेवा, उद्यावर ढकलू नका. आणि यमुनाबाईंच्या आवाजाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. गच्चीवर चढून पेटी उघडायची म्हणजे एक दिवस हाक बंद ठेवायची. तेवढंसुद्धा त्यांच्याने झालं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्यांनी ‘नाही’वर क्लिक केलं. मेलेल्या कार्डातून उरलंसुरलं खरवडून काढणारं एक सॉफ्टवेअर त्यांच्याकडे होतं. लोकांच्या लग्नाचे, बारशाचे फोटो त्यांनी त्यावर कितीदा परत मिळवून दिले होते. ते चालू करून ते समोर बसून राहिले. दुपारची जेवणं झाली, खाली हळदीकुंकवाच्या बायका येऊन गेल्या, तरी ते उठले नाहीत.

सहाच्या सुमाराला दोन फाइली मिळाल्या. एक तीन सेकंदांची, ती चालेना. दुसरी होती एक मिनिट चाळीस सेकंदांची. ही कुठली, ते त्यांना आधी कळेना. मग उमगलं. ही मूळ फाइल. हिच्यातून हाकेचा तुकडा कापून घेतला होता आणि बाकीची त्यांनी कचरा म्हणून पुसून टाकली होती.

त्यांनी हेडफोन चढवला.

आधी कुकरची शिट्टी. मग यमुनाबाईंचं हसू. “अहो, यंत्रासमोर नाही बाई जमत.” मग एक हाक, जरा दबकी. दुसरी, जास्तच मोठी. हेमचंद्ररावांना हसू फुटलं. एकोणीस महिन्यांत त्यांनी फक्त तीन सेकंदांची बायको ऐकली होती. इथे तर ती अख्खी होती, श्वास घेत होती.

मग ती म्हणाली, “अहो, ऐकता का? परवा कपडे आणताना गच्चीच्या जिन्यात बसले मधेच. छातीत भरून आल्यासारखं झालं. आजपण...”

“थांब, थांब जरा.” हा आवाज त्यांचा स्वतःचा होता. “बटण चालू आहे. हे सगळं नंतर मला कापत बसावं लागतं.”

दोन सेकंद शांतता.

“बरं. घ्या.” आणि मग ती हाक. तीच, गच्चीवरची. “पाणी आलं गं! पाणी आलं!”

म्हणजे गल्लीने दोन वर्षं ऐकली ती हाक नवऱ्याने गप्प केल्यावर यमुनाबाईंनी मारलेली होती. एका शब्दाने बोलली नाही म्हणून ते जगाला सांगत होते, आणि ती बोलली होती. त्यांनीच कापलं होतं. हे त्यांना आठवतही नव्हतं. मुळात ऐकलंच नव्हतं तर आठवणार काय?

ती हाक पुन्हा गच्चीवर लावणं आता शक्य नव्हतं. पेटी त्यांनी परत बसवली ती मुकी. पाणी आलं की त्यांच्या टेबलावरचा छोटा लाल दिवा तेवढा लागायचा.

पुढचे तीन दिवस ते तीच फाइल ऐकत होते. आणि दर वेळी ‘थांब, थांब जरा’ आलं की हेडफोन ओरबाडून काढत होते. चौथ्या दिवशी दुपारी त्यांना साधा उपाय सुचला. तेवढेच आपले शब्द काढून टाकायचे. चार क्लिकांचं काम. पुढेमागे मुलगा अमेय पुण्याहून आला, आईचा आवाज ऐकव म्हणाला, तर बापाची ही शोभा कशाला? त्यांनी माउसने आपलं बोलणं धरलं. पडद्यावर तेवढा भाग निळा झाला.

तेवढ्यात लाल दिवा लागला.

गल्ली गप्प होती. कुणाला कळणार? हेमचंद्रराव बाल्कनीत गेले. आयुष्यात त्यांनी कुणाला मोठ्याने हाक मारली नव्हती. ऑफिसात शिपायालासुद्धा उठून जाऊन सांगायचे.

“पाणी आलं,” ते म्हणाले. एक दारही उघडलं नाही.

“पाणी आलं हो!”

खाली अपेक्षा बाहेर आली. तिने भीतभीत वर पाहिलं आणि काका दिसल्यावर तिचा चेहरा सैल झाला. “हो काका!” म्हणून ती हंडा आणायला पळाली. तिच्यामागून दगडाबाई आल्या.

“जोरानं, भाऊजी! कोपऱ्यापातुर जायला पाहिजे!”

त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली. आवाज फाटला, पण कोपऱ्यापर्यंत गेला. दारं उघडली, नळ्या लागल्या. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी हेमचंद्रराव स्वतः बादली घेऊन खाली उतरले आणि दगडाबाईंच्या मागे उभे राहिले.

“दगडाबाई.”

“काय भाऊजी?”

“सांगितलं होतं तिनं मला. मीच ऐकलं नाही.”

दगडाबाईंनी वळून पाहिलं. काय ते त्यांना कळलं. त्यांनी आपला भरत आलेला हंडा बाजूला ओढला आणि म्हणाल्या, “लावा तुमची बादली.”

बादली घेऊन ते वर आले, तेव्हा पडद्यावर तो निळा पट्टा तसाच होता. त्यांनी बाजूला क्लिक करून तो सोडून दिला. मग अख्ख्या फाइलच्या तीन प्रती केल्या. एक काँप्युटरवर, एक पेनड्राइव्हवर, तिसरी अमेयला पाठवली. सोबत लिहिलं, ‘आई आहे. मीही आहे. पूर्ण ऐक.’

मग हेडफोन चढवून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. शिट्टी झाली, हसू झालं, जिना आला. ‘थांब, थांब जरा’ आलं, तेव्हा त्यांनी हेडफोन काढला नाही.