तासाला लागलेले पाय

व्यंकटराव हे वारंगा फाट्यावरचे ट्रॅक्टरविक्रेते. १९९७ साली कळमनुरीच्या रस्त्यावर त्यांच्या जीपखाली एक म्हातारा मेला. जीप ते स्वतः चालवत होते. पोलिसांपुढे मात्र त्यांनी शेजारी बसलेल्या ड्रायव्हरकडे, मोहियोद्दीनकडे, बोट दाखवलं. मोहियोद्दीनला शिक्षा झाली. सुटून आल्यावर कुणी त्याच्या हाती गाडी दिली नाही. तो फाट्यावर पंक्चर काढू लागला.

त्याचा धाकटा भाऊ हाशिम हैदराबादेत गोल्फच्या मैदानावर साहेबांच्या पिशव्या वाहायचा. तो गावी परतला तो एकाच इराद्याने. चूक झाली की व्यंकटराव दुसऱ्याकडे बोट दाखवणार, हे ठरलेलं. या वेळी बघायला माणसं हवी होती.

२००४ च्या जानेवारीत संधी आली. कंपनीचे मोठे साहेब विक्रेत्यांच्या मेळाव्याला येणार होते. त्यांना गोल्फचं वेड. फाट्यामागच्या माळावर खेळ ठेवला होता. व्यंकटरावांनी हाशिमला बोलावलं.

"साहेबापुढं इज्जत जायला नको. शिकव मला."

"शिकवतो मालक. तुमाला मदत केली की काय मिळतं, भावानं पाह्यलंच हाये."

"टोमणा मारून राहिला का?"

"न्हाई मालक. आमाला कुठं येतं ते."

व्यंकटराव हसले. मोहियोद्दीन सुटला, विषय मिटला, असं त्यांचं मत होतं.

सराव तुरीच्या मोकळ्या रानात चालायचा. तूर कापलेली, पण धसकटांचे तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, सरळ उभे होते. व्यंकटराव मूळचे शेतकरी, आणि शेतकऱ्याचे पाय तासाला आपोआप लागतात. हाशिमने झेंडा तासाच्या रेषेत न रोवता थोडा डावीकडे रोवला. पाय, गुडघे, खांदे निशाणाच्या रेषेला समांतर ठेवायचे हा गोल्फचा पहिला धडा. तोच त्याने शिकवला नाही.

चेंडू तासाच्या रेषेत, झेंड्याच्या उजवीकडून जायचा.

"काहून असं?"

"हात जरा डावीकडं ओढा मालक."

रोज ओढून ओढून चेंडू झेंड्यावर जाऊ लागला. तिरपं उभं राहून सरळ मारण्याची सवय अंगात मुरली. "बराबर," हाशिम म्हणायचा.

मेळाव्याच्या दिवशी माळावर तास नव्हते. हाशिमने गोल्फची एक काठी झेंड्याच्या रोखाने जमिनीवर ठेवली आणि व्यंकटरावांचे पाय, गुडघे, खांदे पहिल्यांदाच नीट लावले. हातांनी मात्र शिकलेलंच केलं. चेंडू डावीकडे गेला आणि साहेबांच्या गाडीची पुढची काच फुटली.

"या हाशिमचं काम हे," व्यंकटरावांनी लगेच बोट दाखवलं. "यानं माझे पाय वाकडे लावले."

"हलू नका," साहेब म्हणाले. त्यांनी स्वतः काठी व्यंकटरावांच्या पायांच्या अंगठ्यांना लावली आणि झेंड्याकडे बघितलं. "पाय तर अगदी बरोबर आहेत."

"न्हाई साहेब, चूक माझीच," हाशिम शांतपणे म्हणाला. "मालकाच्या हातून चूक होतच न्हाई."

गर्दीतला ट्रकवाला गुलाबसिंग म्हणाला, "व्यंकटराव, जीपचंबी असंच झालं व्हतं का?"

कुणीतरी हसलं, मग हसू थांबलं. मागे उभा असलेला मोहियोद्दीन पुढे आला. त्याचे हात ट्यूब घासून काळे झाले होते.

"सांगा ना मालक," तो म्हणाला. "लोकं ऐकून राहिले."