नाकाचा भरवसा

तिच्या वडिलांचं नाक अख्ख्या बाजारात प्रसिद्ध होतं. गाडीतून पेट्रोलची वाफ कुठून निसटते, हे ते नुसतं हुंगून सांगत, आणि सांगून झालं की मिशीवरून हात फिरवत. त्या नाकापुढे शिकलेल्या लेकीची काय बिशाद! तिला मोठ्या वर्कशॉपात नोकरी लागली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जा बाई. माझं नाक शाबूत आहे तोवर गॅरेजला काही धाड भरत नाही."

सोमवारी तिला निघायचं होतं. शनिवारी मास्तरांची गाडी पुन्हा दारात. इंजिनाचा पिवळा दिवा परत पेटलेला.

"टाकीचं झाकण," वडील हुंगून म्हणाले.

"बाबा, झाकण दोनदा बदललंय."

"मग तिसऱ्यांदा बदल."

हट्टाला औषध नाही. ते चहाला गेले तसं तिनं गळती शोधायचं धुराचं यंत्र जोडलं, टाकीत धूर सोडला आणि टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटली. टाकीच्या वर, जेमतेम हात पोचेल अशा सांदीत, रबरी नळीला केसाएवढी चीर होती. तिथून धुराची बारीक रेघ निघत होती. पेट्रोलचा वास तर डोक्यात जाणारा. हा त्यांना आला नाही?

नळी बदलताना आत साचलेलं पेट्रोल सांडलं. ते फडक्यानं टिपून तिनं फडकं बाकावर टाकलं आणि हात धुवायला गेली. येऊन पाहते तर वडील त्याच फडक्यानं निवांत तोंड पुसतायत. गाल, कपाळ, मिशी.

"गेला बघ वास," ते म्हणाले. "झाकणच होतं ना?"

मागे वेल्डिंगचं सामान मांडलेलं होतं. थोड्या वेळानं ते स्वतः सायलेन्सर जोडायला बसणार होते. तिला रडू फुटलं, आणि ते मायेनं नव्हे, रागानं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही बापाचीच.

तिनं फडकं हिसकावलं, टॉवेल साबणाच्या पाण्यात बुडवून आणला.

"बाबा, मी नाही जात सोमवारी."

एक नट इकडचा तिकडे झाला तरी छप्पन्न प्रश्न विचारणारा माणूस. या वेळी त्यानं "का?" म्हणून विचारलं नाही. डोळे मिटून चेहरा पुढे केला आणि तिला पुसू दिला.